घाटातली गर्दी आणि डब्यांची कुजबुज

जुन्नर-आंबेगावात घाट म्हटलं की डोंगरातला रस्ता कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. गावाबाहेरच्या माळावर, चढाला आखलेली सरळ धावपट्टी म्हणजे घाट. खालून बैलगाडा सुटतो, वरच्या निशाणाला पोचतो आणि दहा-बारा सेकंदांत खेळ संपतो. मी सांगलीकडचा. आमच्याकडे शर्यत सपाटीला होते, गाडीत गाडीवान असतो, गाड्या एकदम सुटतात आणि पुढे कोण हे आंधळ्यालाही आवाजावरून कळतं. इथे गाड्यात माणूस नसतो. चार बैल, त्यांच्यापुढे एक घोडी आणि घोडीवर स्वार. शिवाय गाडे एकेक करून सुटतात. प्रत्येक गाड्याच्या धावेला ‘बारी’ म्हणतात. म्हणजे इथला गाडा दुसऱ्या गाड्याशी पळत नाही, घड्याळाशी पळतो. त्यामुळे भांडणही बैलांवरून होत नाही, घड्याळावरून होतं.

हे भांडण मिटवण्याच्या खटपटीत असलेल्या एका प्राध्यापिकेबरोबर यंदाच्या यात्रेच्या हंगामात मी त्या भागात फिरलो. तिच्या संशोधनाचा विषय कानाला जड होता: टॉवरशिवाय, जागच्या जागी जुळणाऱ्या बिनतारी जाळ्यात एकाच्या संदेशाला दुसऱ्याचा अडथळा किती होईल, याचं गणिती प्रारूप. त्याचा बैलांशी काय संबंध, हे पाहायला गेलो होतो.

ओतूर

स्नेहल मला ओतूरच्या एसटी स्टँडवर घ्यायला आली ती स्कूटीवर. पायांत ठेवलेल्या गोणीत जेवणाच्या डब्याएवढे प्लॅस्टिकचे डबे खडखडत होते. ती डिंगोऱ्याची आणि जवळच्याच एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. बाजाराचा दिवस असल्याने रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. चहा घेताना तिने विषय समजावला, तो असा.

“लग्नाच्या पंगतीत बसलाय असं धरा. तुमच्या शेजारचा तुमच्याशी बोलतोय. तो किती मोठ्यानं बोलतो यावर तुम्हाला ऐकू येणं अवलंबून नाही. बाकीच्या सगळ्या पंगतीच्या गलक्यापेक्षा तो किती मोठ्यानं बोलतो, यावर आहे. लांबचा एकेक माणूस काही बिघडवत नाही. पण लांबचे सगळे मिळून बिघडवतात. तो गलका आधीच मोजायचा, माणसं यायच्या आधी. ते माझं काम.”

“आणि डबे?”

“डबे म्हणजे माझी पंगत.”

घाटात तिने असे डबे बसवायचे ठरवले होते. एक खाली, गाडा सुटतो तिथे. एक वर, निशाणाशी. मधले काही कडेने. खालच्याने वरच्याला थेट हाक मारायची नाही. शेजारच्याच्या कानात सांगायचं, त्याने पुढच्याच्या. अशी कुजबुज वरपर्यंत पोचते. बारीआधी ते या कुजबुजीतून एकमेकांची घड्याळं जुळवतात. मग गाडा सुटला की खालचा वेळ टिपतो, पोचला की वरचा. दोन्हींतला फरक फळ्यावर लाल अक्षरांत उमटतो.

सरळ वायर का टाकत नाही, असं मी विचारलं. शेजारच्या बाकावरचा एक गृहस्थ परस्परच म्हणाला, “टाकली व्हती ना राव! ट्रॅक्टरनी तोडली. मंग पुरली, तर जेसीबीनी तोडली. मंग वरनं नेली, तर घोडीवाला अडकला. वायरीचं नावच काढू नका.”

डिंगोरे

ओतूरहून पश्चिमेला निघालं की हरिश्चंद्रगडाची रांग समोर येते आणि बराच वेळ समोरच राहते. स्नेहलच्या चुलत्यांचं घर रस्त्यालगत आहे. नव्या बांधणीचं, पुढे फरशी. सगळ्यात थंड, पंख्याची खोली मात्र बैलांची. सोपानतात्या तिथेच खाट टाकून बसले होते. अंगात पांढरा शर्ट, कानाला फोन. फोन संपवून त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

“पेपरवालं पावणं का? बसा. सांगलीचं ना? तुमच्याकडं गाड्यात मानूस बसतो म्हनं.”

“हो, बसतो.”

“मंग बैलाला काय काम उरलं?”

त्यांच्या चौघांतला पुढच्या जोडीचा उजवा बैल सर्जा. रंग पांढरा, शिंगांच्या मुळाशी करडेपणा. यंदाचा त्याचा शेवटचा हंगाम, हे तात्यांनी स्वतःच सांगितलं. “पाय चांगलं हायती अजून. पन मी त्याला हरायला लावनार न्हाई. येक बारी, मंग दारात बसून खाईल.” तात्यांचा एक जुना नियम आहे: बैल एका दिवसात दोनदा जुंपायचा नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

ती एक बारी त्यांना एकाच घाटात हवी होती. निरगुडसरच्या पुढे एक वाडी आहे, तिच्या यात्रेत. गेल्या खेपेला तिथे दोन पंचांच्या हातात दोन स्टॉपवॉच होते आणि दोघांनी सर्जाच्या गाड्याची वेळ वेगवेगळी सांगितली. एकाप्रमाणे तात्या पहिले, दुसऱ्याप्रमाणे वाडीचा स्वतःचा गाडा पहिला. प्रकरण हमरीतुमरीवर गेलं. तेव्हापासून तात्या त्या वाडीच्या लग्नांनाही गेलेले नाहीत. इकडे हे फार मोठं मानतात. यंदा कमिटीने पुतणीचे डबे लावायचं कबूल केलं, म्हणून ते राजी झाले.

“मला पयला नंबर नको,” ते म्हणाले. मग थांबून, “म्हंजे पायजेच. पन नंबर कंचाबी येवो, त्यावर कुनी बोट ठिवता कामा नये. सर्जाचा शेवटचा आकडा हाय.”

“आणि डब्यानं दगा दिला तर?” स्नेहलनेच विचारलं.

“तर तुझ्या लग्नाला येनार न्हाई.”

“लग्न झालंय माझं, तात्या.”

“मंग पोराच्या बारशाला.”

जेवायला मासवडी होती. नावात मासा आहे म्हणून बाहेरचे लोक फसतात. बेसनाची पोळी थापून तिच्यात खोबरं, तीळ आणि लसणाचं सारण भरतात, वळकटी करून तिच्या वड्या कापतात आणि बाजरीच्या भाकरीबरोबर झणझणीत रश्श्यात बुडवतात. काकूंनी माझ्या ताटात वाढताना न विचारता आणखी दोन टाकल्या. “सांगलीचं तिखट म्हंत्यात ना लई? खाऊन दावा.” दाखवलं. नंतर बराच वेळ बोलता आलं नाही.

निरगुडसरच्या वाटेवर

नारायणगाव, मंचर करून पूर्वेला वळलं की डोंगर मागे पडतात आणि कालव्याचा हिरवा प्रदेश सुरू होतो. ऊस, उसाच्या मध्ये घरं, घरांच्या भोवती पुन्हा ऊस. बांधावर कांद्याच्या बराखी, म्हणजे तट्ट्यांच्या लांबट साठवणी. वाडीच्या अलीकडे स्नेहलला एका मळ्यात डबा लावून लांबचा संदेश पोचतो का ते पाहायचं होतं. आम्ही काठीला डबा बांधून उसाच्या कडेने गुपचूप चाललो होतो. पलीकडून खुरपं घेतलेल्या एका बाईंनी हटकलं.

“काय ओ, मुक्यानं काय चाललायसा? बोलत चला की! बिबट्याला काय कळायचं, मानूस हाय का कुत्रं?”

“काय बोलायचं?” मी विचारलं.

“भांडा येकमेकाशी. तेवढंच मोठ्यानं बोलता येतं.”

आम्ही मोठ्याने गणितावर बोलत गेलो. बिबट्या आला नाही.

घाट, रिकामा

यात्रेच्या आदल्या दिवशी घाट मोकळा होता. दोन्ही बाजूंना मातीचे बांध, वर मंडप, खाली बैल बांधायला लिंबाची झाडं. यात्रा कमिटीचे अध्यक्ष नाना म्हणून ओळखले जातात. अंगाने किरकोळ, आवाजाने दांडगे. त्यांनी डबा हातात घेऊन हलवून पाहिला.

“यात काय हाय आत?”

“रेडिओ.”

“गानी लागत्यात का?”

“नाही.”

“मंग कशाचा रेडिओ!”

स्नेहलच्या लॅपटॉपवर घाटाचा नकाशा होता. त्यावर तिने हजारो ठिपके पेरले होते. प्रत्येक ठिपका म्हणजे यात्रेत येणारा, फोन चालू असलेला एक माणूस. ठिपके कसेही, कुठेही. मुठीने बी फोकावं तसे. हे सगळे मिळून किती गलका करतील आणि त्यात डब्यांची कुजबुज टिकेल का, हे तिचं प्रारूप सांगत होतं. उत्तर होतं: टिकेल, आरामात.

चाचणीला कमिटीने एक रिकामा गाडा पळवला. फळ्यावर काहीच उमटलं नाही. स्नेहलचा चेहरा उतरला. धावत वर जाऊन पाहिलं, तर निशाणाच्या डब्याला कुणीतरी मनोभावे हळद-कुंकू वाहिलं होतं आणि गाडा टिपणारं काचेचं भिंग भंडाऱ्याने बुजलं होतं.

“नवी वस्तू हाय,” पूजा करणारे निशाणवाले म्हणाले. “बिनपूजंची सुरू करायची व्हय?”

तडजोड झाली. हळद-कुंकू डब्याच्या पाठीला, भिंग मोकळं. पुढच्या सगळ्या चाचण्या ठीक झाल्या. प्रारूपातला आकडा आणि घाटातला आकडा जवळजवळ एकच येत होता. नानांनी जाहीर केलं की डब्याचीच वेळ धरली जाईल. पण पंचांचे स्टॉपवॉच जवळ राहतील, आणि डबा चुकला तर डबे उतरवले जातील.

घाट, भरलेला

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पिकअप गाड्यांतून बैल उतरू लागले. जनावरांचे डॉक्टर एकेकाला तपासत होते. चाबूक-काठी कुणाच्या हातात नाही ना, यावर कमिटीची माणसं नजर ठेवून होती. माणसांची तर मोजदादच नाही. माइकवर पुकारणारा माणूस न थांबता यमक जुळवत होता. एखादा गाडा सुटला की सगळा माळ “भिर्रर्र!” असा एकच आवाज काढतो आणि तो आवाज गाड्याच्या बरोबरीने वर सरकतो. सांगलीत आम्ही शिट्ट्या मारतो. त्या याच्यापुढे काहीच नाहीत.

वाडी लहान, त्यामुळे कमिटीने कॅमेरावाले बोलावले नव्हते. त्याची कुणाला उणीवही नव्हती. प्रत्येक गाड्याचे लोक आपापला गाडा फोनवरून थेट दाखवतात. पुण्या-मुंबईत कामाला गेलेले भाऊबंद तो तिकडे पाहतात. माळावर एकाच कंपनीच्या फोनला रेंज येत होती. ज्याच्याकडे ते सिम, तो आपल्या फोनचा हॉटस्पॉट उघडतो आणि गावातले बाकीचे त्यावर जोडले जातात. हॉटस्पॉटची नावंही रांगडी: कुणी ‘घाटाचा वाघ’, कुणी ‘नाद खुळा’, एकाने नुसतंच ‘मागू नको’.

दुपारपर्यंत फळ्यावर आकडे उमटत राहिले. स्नेहल मंडपात लॅपटॉपसमोर बसून होती आणि पहिल्यांदाच तिने पूर्ण कप चहा प्यायला. मग एका नावाजलेल्या गाड्याची बारी झाली आणि फळ्यावर आकड्यांऐवजी लाल रेघा आल्या. त्यानंतरचे गाडे ठीक गेले. मग वाडीचा स्वतःचा गाडा आला, गेल्या खेपेच्या भांडणातला. तो असा काही पळाला की पुकारणारा यमक विसरला. फळ्यावर रेघा.

घड्याळं जुळवणारा संदेश वरपर्यंत पोचलाच नव्हता. घड्याळं जुळलेली नसतील तर दोन्ही डब्यांनी टिपलेल्या वेळा निरर्थक असतात.

मंडपाभोवती माणसं गोळा झाली. एकजण म्हणाला, “पोरगी डिंगोऱ्याची. चुलत्याचा गाडा उद्या. आन आज आमचाच गाडा कोरा? लई भारी मशीन हाय!”

“आवो, मशीनला काय ठावं कुनाचा चुलता कोन!” दुसरा म्हणाला.

“मशीनला न्हाई ठावं. मशीनवालीला हाय ना!”

नानांनी हात वर करून गलका थांबवला. “पोरी, खरं सांग. उद्या डबं ठिवायचं का उतरवायचं?”

“संध्याकाळपर्यंत वेळ द्या,” स्नेहल म्हणाली. “का झालं ते कळलं नाही, तर मीच उतरवते.”

नानांनी दिला. कोऱ्या राहिलेल्या दोन्ही गाड्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बारी मिळणार होती. तोवर उरलेल्या बाऱ्या स्टॉपवॉचवर चालल्या.

चहाच्या गाडीवर

आम्ही घाटाच्या टोकाला चहाच्या गाडीपाशी बसलो. स्नेहलने सगळं तपासलं होतं. डब्यांच्या बॅटऱ्या ठीक, अंतर ठीक, एकूण फोनही तिने धरले त्याहून कमीच. “गलका माझ्या हिशोबात बसतोय. मग दोनच बाऱ्या का जाव्यात?”

मी प्रत्येक बारीचा फोटो काढला होता, सवयीचा भाग. ते फोटो आम्ही मागून पुढे चाळू लागलो. आकडा उमटलेल्या बाऱ्यांत निशाणाशी पाच-दहा माणसं होती, त्यातली निम्मी सावलीला बसलेली. कोऱ्या राहिलेल्या पहिल्या बारीच्या फोटोत निशाण दिसतच नव्हतं. नुसते वर केलेले हात आणि हातांत फोन. वाडीच्या गाड्याचा फोटो तसाच, त्याहून दाट. आणि गाडा सुटायच्या बऱ्याच आधीपासून.

तिने ते दोन फोटो मोठे करून पाहिले. मग लॅपटॉप उघडून तिने नकाशावरचे ठिपके पुसले.

“मी बी फोकल्यासारखी माणसं पेरली,” ती म्हणाली. “घाटात माणूस कुठेही उभा राहत नाही. आपल्या गावाबरोबर उभा राहतो. आणि आपला गाडा जुंपायला घेतला की अख्खं गाव निशाणाशी. आपापले हॉटस्पॉट घेऊन, माझ्या डब्याच्या डोक्यावर.”

“म्हणजे गाडा जितका लाडका...”

“तितकी त्याची वेळ हरवायची शक्यता जास्त. त्याचीच माणसं ती बुडवणार.”

तिने ठिपके पुन्हा मांडले, या वेळी झुबक्यांनी. प्रत्येक झुबका एका गावाचा, आणि बारीगणिक वर-खाली सरकणारा. प्रारूप पुन्हा चालवल्यावर त्याने त्याच दोन बाऱ्या बुडताना दाखवल्या. शिवाय एक उपयोगाची गोष्टही दाखवली. बारी संपली की त्या गाड्याचे लोक बैल धरायला माळावर धावत सुटतात आणि पुढच्या गाड्याचे अजून खालीच असतात. मधल्या त्या पोकळीत निशाण जवळजवळ ओस पडतं. घड्याळं तेव्हाच जुळवायची. गाडा पोचल्याची वेळ नंतर सावकाश कळली तरी चालते, ती वरच्या डब्याच्या लक्षात राहते.

यातही एक मेख होती. जुळवलेली घड्याळं हळूहळू पुन्हा एकमेकांपासून सरकतात. म्हणून तिने मर्यादा घातली: जुळवल्यापासून ठरावीक अवधीत गाडा सुटला नाही, तर डबा ती बारी मोजणारच नाही. हा नियम तिने नानांना आणि दोन्ही पंचांना बसवून समजावला. नानांनी एकच प्रश्न विचारला. “तुझ्या चुलत्यालाबी ह्योच नियम ना?”

“हाच.”

“मंग ठीक हाय.”

दुसऱ्या दिवशी

सकाळपासून एकही रेघ उमटली नाही. पहिल्या दिवशीचा नावाजलेला कोरा गाडा मोजला गेला. मग वाडीचा गाडा आला. निशाणाशी आदल्या दिवसाइतकीच गर्दी, तितकेच फोन. फळ्यावर आकडा झळकला, दोन दिवसांतला सगळ्यात कमी. आदल्या दिवशी मशीनवालीबद्दल बोलणाऱ्या गृहस्थांनी मंडपात येऊन स्नेहलच्या कपाळाला भंडारा लावला आणि निघून गेले.

त्यानंतर लगेचच सोपानतात्यांचं नाव पुकारलं गेलं. आधीच्या लोकांनी बैलांमागे माळ गाठला, निशाण ओस पडलं, घड्याळं जुळली. डिंगोऱ्याचे लोक बांधावरून धावत येऊन निशाणाशी भिडले. आणि खाली सर्जा अडला.

जू मानेवर घेईना. मान झटकायचा, मागे सरायचा. तात्या त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होते. लॅपटॉपवर मर्यादेची पट्टी आखडत चालली होती. स्नेहल पट्टीकडे पाहत होती, मी तिच्याकडे. पट्टी संपली.

नाना तिच्या खुर्चीमागे उभे होते. ते वाकून हळू आवाजात म्हणाले, “वाढीव की जरा. आमी काय म्हननार न्हाई.”

“आज म्हणणार नाही, नाना. पुढच्या वर्षी म्हणाल.”

घड्याळं पुन्हा जुळवायला हवी होती, आणि निशाणाशी अख्खं डिंगोरे उभं होतं. तिने जुळवून पाहिली. संदेश वाटेतच बुडाला. पुन्हा पाहिली. बुडाला. मग तिने पुकारणाऱ्याच्या हातून माइक घेतला. “डिंगोरेकर, हॉटस्पॉट बंद करा. नाहीतर आपला गाडा मोजला जाणार नाही.”

निशाणाकडून आवाज आला, “ताई, तिकडं पुन्यात समदं बघायला बसल्यात!”

“मुंबईची आत्याबी हाय लाइव्हला!”

कुणी हललं नाही. तेवढ्यात खालचा माइक खरखरला. तात्यांचा आवाज.

“वर हुबं राह्यलेल्या समद्या शहाण्यांनो, आयका. मोबाईल बंद करा आन खिशात घाला. नुसतं खिशात न्हाई, बंद करून. ज्याला पिक्चर काढायचाय त्यानं घरी जाऊन बायकूचा काढावा. मला पिक्चर नको. मला येळ पायजे.”

माळ हसला. निशाणाशी एक हात खाली गेला, मग दुसरा. मग सगळेच. रिकामे हात घेऊन उभं राहायचं कसं, हे जणू लोक विसरले होते. काहींनी ते कमरेवर ठेवले, काहींनी शेजाऱ्याच्या खांद्यावर. लॅपटॉपवर पहिला डबा बोलला, दुसऱ्याने ऐकलं, तिसऱ्याने, आणि वरच्याने उत्तर दिलं. स्नेहलने हात वर केला.

सर्जाने तेवढ्यात जू घेतलं होतं. घोडी पुढे आली, निशाण हललं आणि गाडा सुटला. मी फोटो काढला नाही. माझाही फोन खिशात होता. मला दिसलं ते एवढंच: पुढच्या जोडीत उजवा बैल मान खाली घालून पळत होता आणि भिर्रर्रचा आवाज त्याच्या मागे राहिला.

फळ्यावर आकडा उमटला. वाडीच्या गाड्यापेक्षा किंचित जास्त. तात्या दुसरे.

मग नानांनी माइकवर दोन्ही आकडे वाचले, सावकाश, एकामागून एक, आणि विचारलं, “कुनाला काय म्हनायचंय?” कुणाला काही म्हणायचं नव्हतं. पंचांनी आपापले स्टॉपवॉच कुणी मागायच्या आत खिशात घातले.

तात्या चालत वर आले. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी आकडा वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला. पोरांनी तोवर सर्जाला माळावरून धरून आणलं होतं. वाडीच्या गाड्याचे मालक पुढे झाले आणि त्याच्या पाठीवर भंडारा उधळत म्हणाले, “तात्या, बैल लई गुनी. जेवल्याशिवाय जायचं न्हाई.” तात्या जेवायला थांबले. वाडीच्या पंगतीत ते अगदी मध्ये बसले.

परतीच्या वाटेवर आम्ही पिकअपमध्ये पुढे होतो, बैल मागे. आता तात्यांनी फोन चालू केला आणि तो लगेच वाजू लागला. पुणे, मुंबई, चाकण, ज्यांना बारी दिसलीच नव्हती ते सगळे. दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये ती असेलही, डिंगोऱ्याकडे नव्हती. तात्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते. सर्जा कसा अडला, कानात काय सांगितलं, मग तो कसा सुटला. नारायणगाव येईपर्यंत सर्जाचे पाय जमिनीला लागेनासे झाले होते आणि घोडी त्याच्या मागे पडली होती. आकडा मात्र ते प्रत्येक फोनला तोच सांगत होते, शेवटच्या अंकापर्यंत.